उसवलेली बाही

आई, मला या वयात पुन्हा शिकायला बसवलंय. तू असतीस तर आधी पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, "कोण शिकवतंय गं? धड शिकवतंय ना?" इतकी वर्षं ऑफिसात मी ज्या जुन्या सॉफ्टवेअरची देखभाल करत होते, ज्याची एकेक खोड मला तोंडपाठ होती, ते आता बंद होतंय. आम्हा जुन्या मंडळींना सांगण्यात आलं की एक नवं फ्रेमवर्क शिका, दसऱ्यापर्यंत त्यात स्वतःच्या हाताने एखादी छोटीशी वेबसाइट बनवा आणि सगळ्यांसमोर चालवून दाखवा. जमलं तर नव्या कामावर घेऊ, नाही जमलं तर पुष्पगुच्छ आणि निरोप. पुष्पगुच्छाचं कुणी बोललं नाही, ते मी पदरचं घालतेय, पण बाकी मतलब तोच. फ्रेमवर्क म्हणजे काय, हे तू विचारणारच. वेबसाइटचं प्रत्येक पान पहिल्यापासून लिहीत बसायला लागू नये म्हणून कुणीतरी आधीच उभा करून ठेवलेला सांगाडा. त्याच्या रीतीने आपण आपले तुकडे करायचे आणि त्यात बसवायचे. ऐकायला सोपं वाटतं. माझ्या शेजारी बसणारी पोरं माझ्या लेकीच्या वयाची आहेत आणि त्यांना ते बसल्याबसल्या येतं. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण खरी धास्ती वेगळी होती. आपल्याला आता नवं काही शिकताच येणार नाही, डोक्याचं दार बंद झालंय, असं मला वाटायला लागलं होतं.

सुरुवातीचे कित्येक दिवस मी नुसती वाचत होते. माहितीची पानंच्या पानं, वर त्याचे व्हिडिओ, त्यावर टिपणं. वाचताना सगळं कळायचं आणि कोऱ्या फाइलसमोर बसलं की हात थिजायचे. माझ्या उजव्या हाताला वरंगलकडची एक मुलगी बसते, कामात फार हुशार. तिची तेलुगू मला अर्धी कळते, माझी मराठी तिला मुळीच नाही, म्हणून आमचं सगळं आपल्या हैदराबादी बोलीत चालतं. एका दुपारी जेवणाचा डबा बंद करता करता ती म्हणाली, "मॅडम, पढते बैठे तो नींदच आती. ये लेव, छोटासा कोड है, चलता सो. इसकू पैले तोडो. एक-एक चीज निकालके देखो, क्या बंद पडता." मी तिच्याकडे बघतच राहिले. तिला वाटलं मी दुखावले. "क्या हुआ मॅडम? गलत बोली क्या मैं?" मी म्हटलं, "नक्को, कुछ नै." आता तिला काय सांगणार होते? तिच्या तोंडून मला तू ऐकू आली होतीस.

काचीगुड्याची आपली पुढची खोली आठवते का तुला? तुला काय आठवायचं, ती तुझीच होती, मीच आतल्या खोलीतून बघणारी. स्टेशनात गाडी शिरली की खिडकीची काच थरथरायची आणि तू पाय न थांबवता मशीन चालवत राहायचीस. सकाळचं घरचं उरकलं की तुझा शिवणवर्ग भरायचा. भिंतीशी सतरंजी, सतरंजीवर आठवड्याला कुणीतरी नवीन. रेल्वे क्वार्टर्समधल्या तेलुगू सुना, मागच्या गल्लीतल्या बुरखा खुंटीला टांगून बसणाऱ्या मुली, आपल्या मराठी घरांतल्या दोघीतिघी. आणि मशीनच्या शेजारी एक पाट. तो फक्त नव्या बाईसाठी. नवी बाई यायची ती नवं कापड, नवी कातर, कोरी टेप असं सगळं घेऊन, लग्नाला निघाल्यासारखी नटून. तू ते सगळं बाजूला ठेवायला लावायचीस आणि तुझाच एखादा चांगला, अंगावर बसणारा ब्लाउज तिच्या मांडीवर टाकायचीस. म्हणायचीस, "इसकू उधेडो." म्हणजे हा उसव.

प्रत्येकीचा चेहरा उतरायचा. एक सून तर रडकुंडीला आली होती. तिला वाटलं, ही बाई आपली थट्टा करतेय. ती म्हणाली, "अम्मा, ये तो अच्छा है! अच्छे कू कायकू उधेडना?" तू मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलंस, तिच्याकडे नीट वळलीस आणि म्हणालीस, "अच्छा है, इसीच वास्ते. खराब चीज उधेडके क्या सीखते तुम?" मग तिने तो उसवला. कापड न फाटता, एकेक टाका सोडवत. हूकपट्टी निघाली, बाह्या निघाल्या, पाठ आणि पुढचे भाग सुटे झाले, टक्स उघडले आणि सगळं सपाट सतरंजीवर पसरलं. तिने ते बघितलं आणि आपसूक म्हणाली, "अच्छा, ऐसा है!" हे तिचं एकटीचं वाक्य नव्हतं, सगळ्याच जणी ते म्हणायच्या, फक्त भाषा जिची तिची. त्यानंतर तोच ब्लाउज परत शिवायचा. तो पुरा होईस्तोवर तू तिच्या अंगाला लागून बसायचीस, तिच्या हातावर हात ठेवून कापड पुढे सरकवायचीस. आणि शिवून झाला की उलटा करून, दोन्ही हातांनी शिवण ताणून बघायचीस आणि म्हणायचीस, "चलो, उठो. कल कपडा लेके आव." ती उठून सतरंजीवर इतरांत जायची आणि पाटावर दुसरी कुणी नवी यायची.

त्या बायांनी परत शिवलेले वेडेवाकडे ब्लाउज कोण घालायचं? तूच. एक खांदा वर, एक खाली, बाहीला चुण्या. भाजी आणायला तशीच निघायचीस. शेजारणी म्हणायच्या, दुसऱ्यांना शिवण शिकवते आणि स्वतःचं बघा. तुझ्या मनाला ते कधी लागलंच नाही. मला मात्र लाज वाटायची आणि त्याहून जास्त हेवा वाटायचा, आई. मला त्या पाटाचा हेवा वाटायचा. गावातल्या कुणाही बाईला तुझ्या कुशीला लागून बसता येत होतं आणि मी आतल्या खोलीत बीजगणित सोडवत होते. मी कितीदा विचारलं, मला कधी बसवणार? तुझं उत्तर ठरलेलं. "नक्को. तू हे शिकलीस तर हेच करत बसशील. तुझ्या पुढं टेबल-खुर्ची पाहिजे मला." टेबल-खुर्ची मिळाली. तुला ती पाहायलाही मिळाली, सिकंदराबादच्या माझ्या पहिल्या ऑफिसात तू एकदा आली होतीस आणि खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवून तिचं कापड कुठल्या प्रतीचं आहे ते बघितलं होतंस. पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस. बाबांनी मशीन तुझ्या एका शिष्येला देऊन टाकलं आणि ती खोली नुसती खोली झाली.

तर त्या दुपारपासून मी वाचणं बंद केलं आणि उसवायला घेतलं. पहिलं उदाहरण अगदी पोरकट होतं. पानावर एक बटण आणि शेजारी एक आकडा. बटण दाबलं की आकडा वाढतो, बस. मी त्यातली एक ओळ काढली, पान कोरं झालं. परत घातली, आलं. दुसरी काढली, बटण दिसतंय पण दाबलं तरी आकडा ढिम्म. असं करत करत कुठला टाका कशाला धरून आहे हे बोटांना कळायला लागलं. मग नावांच्या यादीचं उदाहरण, मग फॉर्मचं, मग एका तुकड्यात दुसरा तुकडा बसवण्याचं. लाल अक्षरांत चुका यायच्या आणि पहिल्यांदाच त्यांची भीती वाटत नव्हती. मोडलं की परत पहिल्यासारखं करायला एक कळ दाबली की पुरते. तुझ्या बायांच्या नशिबी ती कळ नव्हती, एवढा मात्र फरक आहे.

एक दिवस मात्र मी सपशेल अडकले. भाजीची यादी होती, तिच्यात नवीन भाजी वाढवायची होती. मी सरळ यादीत शिरून शेवटी गवार घातली. आत डोकावून बघितलं तर गवार आहे, पानावर मात्र तिचा पत्ता नाही. अर्धा दिवस मी त्या गवारीमागे लागले होते. शेवटी शेजारची हसली. "मॅडम, आप पुरानी लिस्टमेंच घुसाए. कुछ बदला बोलके उसकू मालूमच नै पडता. पूरी नयी लिस्ट बनाके हाथ में देव." म्हणजे जुन्याची नक्कल करायची, बदल नकलेत करायचा आणि ती आख्खी नवी यादी फ्रेमवर्कच्या हाती द्यायची. तेव्हा कुठे ते पान नव्याने रंगवतं. मी मान डोलावली आणि मला एकदम कानफटात बसल्यासारखं झालं, कारण हे मला तू लहानपणीच सांगितलं होतंस, रागावून.

मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. तू बाजारात गेली होतीस. खिळ्याला अडकवलेल्या कागदी नमुन्यांतून मी एक काढला. महाराष्ट्रातून गाडीने एक दिवस उशिरा येणारा आपला मराठी पेपर आणि शेजारच्यांकडचा उर्दू पेपर, दोन्हींचे नमुने तू कापायचीस. जाड म्हणून उर्दू बाहीला, मराठी पाठीला. मी त्यातल्या पाठीच्या नमुन्यावर पेन्सिलीने आतून दुसरी रेघ मारली, माझ्या मापाची, आणि एका उरलेल्या चिंधीवर ठेवून कापायला घेतलं. तू दारात पिशव्या घेऊन उभी. तू मला कधी मारलं नाहीस, तेव्हाही नाही, पण आवाज असा लावलास की सतरंजी झाडत असलेली बाई आत निघून गेली. "जुन्या कागदावर रेघा ओढल्यास तर कातरीला कसं कळणार कुठली खरी? माप बदललं की नवा कागद. नेहमी नवा कागद!" मग आवाज खाली आणून म्हणालीस, "ऊठ इथून. अभ्यास कर जा." मी जन्मात तुझ्याकडून शिवणाचा घेतलेला एवढा एकच धडा. गवार सापडली तेव्हा मी डोळे पुसत होते आणि शेजारची पोरगी घाबरून पाणी आणायला धावली.

त्याच दिवशी माझं ठरलं. बाकीचे कुणी दुकानाची वेबसाइट करत होते, कुणी हवामानाची. मी म्हटलं, मी ब्लाउजचं बेतणं करणार. आमचे साहेब वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत, ते म्हणाले, "नाइस, मॅडम. डिफरंट आहे." बेत असा की पानावर रकाने असतील, छाती, खांदा, उंची आणि मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो घेर. माप भरत जावं तसा शेजारी नमुना आपोआप आखला जावा, माप बदललं की सबंध नवा कागद. पाठ एक तुकडा, पुढचा भाग एक, गळा एक, बाही एक. प्रत्येक तुकड्याला वरून मापं द्यायची, तो आपापला आकार काढणार. छातीचा चौथा हिस्सा, त्यात इतकी ढिलाई, हे हिशेब मला कुठल्याही साइटवर मिळत होते. पहिल्यांदा छातीचं माप बदललं आणि पाठीची रेघ डोळ्यांसमोर सरकली तेव्हा मी ऑफिसात मोठ्याने "अच्छा, ऐसा है!" म्हणाले. अडली ती बाही. पानावर छान दिसायची. घरी कागदातून कापून बघितली की मुंढ्यावर बसेना, मागे झोळ, पुढे ओढ. आपल्या घरात आता पेपर येत नाही, सगळं मोबाइलवर, म्हणून वॉचमनकडून जुने तेलुगू पेपर मागून आणले आणि एकामागून एक बाह्या कापत सुटले. हिशेब बदलून पाहिले, एकही लागला नाही. आणि तुझ्या बाहीबद्दल तर बायका सांगायच्या की फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा काढला तरी ब्लाउज वर चढत नाही. त्या बाहीची गोलाई तू कुणाला सांगितली नव्हतीस, हाताने दाखवली होतीस. सतरंजीवरच्या सगळ्यांना ती ठाऊक होती, मला सोडून.

दाखवायच्या आधीच्या रविवारी, सकाळी, मी ट्रंक उघडली. तुझा एकच ब्लाउज माझ्याकडे आहे, अंजिरी रंगाचा, टू-बाय-टू कापडाचा. तो तू शेवटी शेवटी शिवलास, कुणा शिष्येच्या मांडीवर पडण्याची त्याची वेळ आलीच नाही. त्यावरची प्रत्येक टीप फक्त तुझी. नारायणगुड्याच्या आमच्या घरात पूर्वेच्या खिडकीशी उजेड चांगला येतो, तिथे खाली बसले. लेक चहाचा कप घेऊन आली आणि माझ्या हातातली बारीक कातर बघून जागीच थांबली. "मम्मा, आर यू शुअर? आजीचा हा एकच आहे ना? फोटो काढून मेजर करता येईल की." मी म्हटलं, शिवलेल्या बाहीची गोलाई फोटोत कशी येणार, ती सपाट झाल्याशिवाय दिसत नाही. ती म्हणाली, "अगं पण इथे अनडू नाहीये." खरंच नव्हतं. मी ब्लाउज नाकाशी धरला, तुझा वास केव्हाच उडून गेलाय, नुसता डांबराच्या गोळीचा येतो. मग पहिला टाका उचलला.

तुझी टीप फार बारीक. मुंढ्याभोवतीची सुटायला वेळ लागला, मग बाहीच्या खालची शिवण, आणि बाही हातात आली. पेपरवर पसरली. पुढच्या अंगाला गोलाई आत खोल गेलेली आणि मागच्या अंगाला भरलेली. दोन्ही बाजू सारख्या नव्हत्याच! मी आणि त्या सगळ्या साइटी दोन्हीकडे एकच गोलाई काढत होतो. हात पुढे जातो, आई, मागे जात नाही, एवढं साधं होतं. मी कडेने पेन्सिल फिरवली, लेकीने पेपर धरून ठेवला. ती म्हणाली, "आजी हे कुठे शिकली?" मला माहीत नव्हतं. तुला कुणी शिकवलं हे मी तुला कधी विचारलंच नाही, तुझ्या पाटावर मला जागा नाही याच रुसव्यात मी राहिले. त्याच दुपारी बाहीच्या एका रेघेच्या दोन केल्या, पुढची आणि मागची. कागदातून कापली. बसली.

दाखवणं झालं. मोठा पडदा, काचेची खोली, खाली हायटेक सिटीचा सगळा पसारा. मी माप बदलत गेले आणि नमुना बदलत गेला. साहेबांनी विचारलं की बाहीला दोन वेगवेगळ्या रेघा का, आणि मी सांगितलं. शेजारची मुलगी मागून म्हणाली, "मेरी अम्मा कू लिंक भेजो मॅडम." मला ठेवून घेतलंय. नव्या कामावर गेल्या सोमवारपासून आहे. आता माझ्या बाजूला एक नवीन बाई बसवली आहे, आमच्याच जुन्या सॉफ्टवेअरमधली, माझ्यासारखीच भेदरलेली. तिला मी माझा चालता कोड दिला आणि म्हटलं, तोडा.

हे लिहिलेले कागद कुठे पाठवायचे नाहीतच. लेक मराठी बोट ठेवून ठेवून वाचते, त्यामुळे टेबलावर राहिले तरी हरकत नाही. ती रोज विचारते की आजीच्या ब्लाउजचं काय करायचं. तिला मी सांगितलंय की मला बाही लावता येत नाही. ती म्हणते, हिमायतनगरच्या टेलरकडे देऊ, मी म्हणते, बघू. तुला खरं सांगते. मला येईल लावता. तुझ्या टाक्यांची भोकं कापडावर अजून स्पष्ट दिसतात, त्यांच्यातूनच सुई घालत गेलं की झालं. अंजिरी दोराही आणून ठेवलाय. सकाळी कामाला निघायच्या आधी मी थोडा वेळ खिडकीशी खाली बसते, बाही मांडीवर घेते आणि पुन्हा तशीच घडी करून ठेवते. लावून झाली की तू शिवण ताणून बघशील आणि म्हणशील, "चलो, उठो." मी आत्ता कुठे बसलेय, आई.